साडेनऊ टक्के तूट आणि बाबांची वही

केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले माझे वडील सदाशिव पेठेतल्या घरी आजही लाल पुठ्ठ्याच्या वहीत जमाखर्च लिहितात. १ फेब्रुवारी २०२१ रोजी अर्थसंकल्पाचे भाषण ऐकून झाल्यावर त्यांनी मला विचारले, "एवढे पैसे सरकारने उधळले कुठे?"

प्रश्न स्वाभाविक होता. आदल्या वर्षी निर्मला सीतारामन यांनी २०२०-२१ साठी वित्तीय तूट, म्हणजे कर्ज काढून भागवायचा खर्च, सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ३.५ टक्के, म्हणजे ७.९६ लाख कोटी रुपये धरली होती. त्यानंतर पाचच आठवड्यांनी राज्यातले पहिले करोनाबाधित पुण्यात आढळले, पुढे पेठांतल्या गल्ल्या पत्रे ठोकून बंद झाल्या आणि वर्षाअखेरीचा सुधारित अंदाज ९.५ टक्के, म्हणजे १८.४८ लाख कोटींवर गेला.

मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. एकूण खर्च ३०.४२ लाख कोटींवरून ३४.५० लाख कोटींवर गेला होता, म्हणजे वाढ चार लाख कोटींच्या आसपास. तूट मात्र साडेदहा लाख कोटींनी फुगली होती. उरलेले सहा लाख कोटींहून अधिक रुपये जमेच्या बाजूला आलेच नव्हते. केंद्राच्या वाट्याचा कर सुमारे २.९ लाख कोटींनी घटला आणि निर्गुंतवणुकीतून, म्हणजे सरकारी कंपन्यांतले हिस्से विकून, अपेक्षित २.१० लाख कोटींऐवजी अवघे ३२ हजार कोटी येतील असे दिसत होते. ही घट मे २०२० मध्ये पेट्रोलवर लिटरमागे दहा आणि डिझेलवर तेरा रुपये कर वाढवूनही झालेली होती.

खर्चाच्या बाजूला मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती अन्न अनुदानाची ओळ: १.१५ लाख कोटींचे ४.२२ लाख कोटी. यात माणशी पाच किलो मोफत धान्य होतेच, पण सरकारकडून पुरते अनुदान न आल्यामुळे भारतीय अन्न महामंडळाने आधीच्या वर्षांत अल्पबचत निधीतून, म्हणजे लोकांनी अल्पबचत योजनांत ठेवलेल्या पैशांतून, काढलेल्या कर्जाची परतफेडही होती. ती उसनवारी पूर्वी तुटीच्या आकड्यात दिसतच नसे. वाण्याची उधारी वहीत न लिहिता महिना शिलकीत दाखवावा, तसाच तो प्रकार होता. ती उधारी संकटाच्या वर्षी वहीत आली हे मला योग्य वाटते. आकडा बिघडणारच होता, तेव्हा तो खरा तरी झाला. करोनाकाळातल्या वीस लाख कोटींच्या गाजलेल्या पॅकेजचा मोठा भाग कर्जहमी आणि रिझर्व्ह बँकेने बँकांना पुरवलेल्या रोखतेचा असल्यामुळे खर्चाच्या रकान्यात तो शोधूनही सापडत नाही.

बाबांनी चष्मा पुसून तो हिशेब दोनदा तपासला आणि मग वहीचे पुढचे पान उघडून दाखवले. जानेवारी २०२० पासूनचे महागाई भत्त्याचे तीन हप्ते केंद्राने गोठवताना त्यांची थकबाकी मिळणार नाही असे आदेशातच म्हटले होते. तरीही त्या अठरा महिन्यांची रक्कम त्यांनी पुढे जमेच्या बाजूला पेन्सिलीने लिहिली, आणि ती अजून खोडलेली नाही.