तुम्ही विचारलंत म्हणून : घर आणि धान्य एकत्र कशाला?

कोल्हापुरातील आमच्या पेठेतील गटाविषयी बोलणे निघाले की हा प्रश्न हमखास येतो. भाड्याच्या खोल्या मिळवून देणे आणि सामायिक धान्य खरेदी करणे ही दोन वेगळी कामे आहेत. मग माणसे मोजकी असताना एकच काम धरून ते नीट का करीत नाही? विचारणारे आपुलकीने विचारतात, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी पेठेत शिरले. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी मानतात. त्या वर्षी पाणी तिच्या कितीतरी वर गेले. आमच्या गल्लीच्या नदीकडच्या टोकाला एक मावशी दोन मुलांसह तळमजल्यावरच्या खोलीत भाड्याने राहत होत्या. पाणी उतरल्यावर आम्ही त्यांच्या खोलीचे दार ढकलले, तेव्हा ते पुरते उघडेना, कारण आतले शाळूचे, म्हणजे रब्बी ज्वारीचे, पोते फुगून दाराला टेकले होते. पोते उसवले, तर वरच्या थरातील दाण्यांना कोंब आले होते आणि खालचा थर काळा पडून त्याला आंबूस वास सुटला होता. वर्षभराच्या भाकरीची ती बेगमी होती. मावशी नदीकाठच्या सखल खोलीत राहत होत्या, कारण तेवढेच भाडे त्यांना परवडत होते. त्यांचे धान्य पुराने नेले असे म्हणता येईल. माझ्या मते ते त्या खोलीने नेले. आमचा गट त्या पोत्यापाशी सुरू झाला.

भाडे आणि भाकरी एकाच पगारातून निघतात, आणि त्यांत भाडे कधी थांबत नाही. महिन्याच्या पाच तारखेला घरमालक दारात उभा राहतो. तूरडाळ मात्र निमूटपणे अर्धा किलोवर येते, दूध बंद होते, आणि आईच्या ताटातली भाजी संपलेली असते. घराची ओढाताण स्वयंपाकघरात आधी दिसते, हे आमच्या गटातील बायकांनी ओळखले. आम्हा पुरुषांच्या ते उशिरा लक्षात आले.

रेशन आहेच की, असे यावर सांगितले जाते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते, आणि २०२३ च्या जानेवारीपासून ते मोफत आहे. हा आधार फार मोठा आहे आणि त्याला कमी लेखणाऱ्यांशी मी वाद घालतो. पण शिधापत्रिका काढायची, तर पत्त्याचा पुरावा लागतो, आणि भाडेकरूची खरी अडचण तिथेच असते. घरमालक करार लिहून देत नाही. दिलाच तर साध्या कागदावर देतो. त्यामुळे गल्लीत दहा वर्षे राहिलेल्या माणसाला आपण इथे राहतो हे कागदावर दाखवता येत नाही.

म्हणून आम्ही घरमालकांकडे जातो. पेठेतील जुन्या घरांच्या माड्यांवर कुलूप लावलेल्या खोल्या आहेत, आणि त्या रिकाम्या राहण्याचे कारण एकच असते : भाडेकरू उठला नाही तर? ही भीती खोटी नाही, तिची चेष्टा करू नये. आम्ही त्यांना समजावतो की महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, ती जबाबदारी मालकाची आहे, आणि तो नसेल तर अटींच्या वादात, उलट सिद्ध होत नाही तोवर, भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते. नोंदणीकृत करार मालकालाच सांभाळतो, हे एकदा पटले की बोलणी पुढे सरकतात. गटातले दोघे जामीन राहतात, खोलीची डागडुजी आम्ही करून देतो आणि तो खर्च अनामत रकमेतून वळता होतो. तोच कागद मग भाडेकरूला शिधापत्रिकेसाठीही उपयोगी पडतो.

सरकारी घरकुलाबद्दलही विचारतात. स्वतःच्या जागेवर घर बांधायला मिळणारे अनुदान जागा नसलेल्या भाडेकरूच्या कामाचे नाही, आणि ज्यांची नदीकाठी वडिलोपार्जित जागा आहे, त्यांना निळ्या पूररेषेच्या, म्हणजे नकाशावर पुराचा पट्टा दाखवणाऱ्या रेषेच्या, आत बांधकामाची परवानगी मिळत नाही. ती रेषा योग्यच आहे. पण तिच्या आतल्या माणसाने जावे कुठे, याचे उत्तर तिच्यात नाही.

धान्याचे काम त्यामानाने सोपे आहे. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, ज्वारी क्वचितच, आणि आमच्याकडे भाकरीशिवाय जेवण झाल्यासारखे वाटत नाही. वर्षभर घरटी थोडी वर्गणी साठवायची, शाळूची मळणी उरकली की गावाकडून थेट माल आणायचा, गच्चीवर दोन उन्हे द्यायची, आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून पत्र्याच्या कणग्यांत भरायचा. कणग्या तालमीच्या वरच्या मजल्यावर आहेत. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आले, तेव्हा धान्य कोरडे राहिले.

राजर्षी शाहू महाराजांच्या या गावात हे वेगळे समजावण्याची खरे तर गरज पडू नये. खेड्यातली मुले शिकायला इथे टिकत नव्हती, कारण राहायचे कुठे आणि जेवायचे काय हे दोन्ही प्रश्न त्यांच्यासमोर एकदमच उभे राहत. १९०१ पासून इथे उभ्या राहिलेल्या बोर्डिंगांनी, म्हणजे विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांनी, मुलांना निवारा आणि जेवण एकाच दारात दिले. दसरा चौकातून जाताना त्या इमारती आजही दिसतात.

सध्या आमच्याकडे तीन कुटुंबे खोलीच्या शोधात आहेत. त्यांतल्या दोघांनी आपल्या वाट्याचा शाळू अजून नेलेला नाही. घेऊन गेले तर ठेवायचा कुठे, असे ती म्हणतात.