फोटो तीन इंचांचा, मुदत सहा महिन्यांची

१९१४ पर्यंत अमेरिकन पासपोर्टवर फोटो नसे. कपाळ, नाक, हनुवटी, केसांचा रंग एवढंच लिहिलेलं. ‘नाक सरळ, हनुवटी गोल’ यात निम्मं गाव बसतं. चार्ल्स इंग्लिस नावाच्या अमेरिकनाने बर्लिनमध्ये शिक्क्यासाठी दिलेला पासपोर्ट ‘हरवला’ आणि जर्मन हेर कार्ल लोडी तोच घेऊन ब्रिटनमध्ये शिरला. ६ नोव्हेंबर १९१४ ला टॉवर ऑफ लंडनमध्ये त्याला गोळ्या घातल्या. डिसेंबरात अमेरिकेने फोटो सक्तीचा केला.

फोटो दोन लागत, पातळ कागदावर, तीन इंच बाय तीन इंचांपेक्षा मोठे नाहीत, आणि पुठ्ठ्यावर न चिकटवलेले. खरी अडचण इथेच. त्या काळचे स्टुडिओ फोटो पुठ्ठ्यावर चढवूनच हातात देत, आणि जाड पुठ्ठ्यावर सरकारी शिक्क्याचा ठसा नीट उमटत नाही. एक फोटो अर्जाला, दुसरा पासपोर्टला. शिक्का अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर, चेहरा झाकणार नाही असा. फोटो उचकटून दुसरा लावला की ठशाच्या रेषा जुळत नाहीत. सगळी मेख त्या अर्ध्या शिक्क्यात.

अर्ज कोर्टाच्या कारकुनापुढे शपथेवर. जन्मदाखला नसला तर आईवडिलांचं किंवा बाळंतपण केलेल्या डॉक्टरचं प्रतिज्ञापत्र चाले. बाहेरून येऊन नागरिक झालेल्याला नागरिकत्वाचा दाखला जोडावा लागे. कुठल्या देशांत आणि कशासाठी जाणार हेही लिहायचं. व्यापाराचं कारण असेल तर कंपनीचं पत्र. नुसतं ‘युरोप’ लिहून भागत नसे.

जानेवारी १९१५ पासून मुदत सहा महिने, सहा-सहा महिन्यांनी दोनदाच वाढवून मिळे. लांबचा दौरा असला की परतीच्या तारखा त्यात बसवायच्या.

गंमत म्हणजे देशाबाहेर जाताना पासपोर्ट हवाच, असा अमेरिकेचा युद्धकालीन कायदा २२ मे १९१८ चा. पण पलीकडे ब्रिटनने १९१५ अखेरपासूनच फोटोसह वैध पासपोर्टाशिवाय उतरायला मनाई केली होती. बोटीचं तिकीट हातात असूनही उपयोग नाही.

खुद्द पासपोर्ट माणसाबरोबर गेले आणि बरेचसे हरवले. अर्ज मात्र अमेरिकन राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, १९२५ पर्यंतचे. त्यांना लावलेल्या फोटोंत बायका बिनदिक्कत टोपी घालून बसलेल्या दिसतात.