5एफ1 हार्प अँप: संध्याकाळची खरखर सापडली

माझ्या 5एफ1 ची, म्हणजे हार्मोनिकासाठी (हार्पसाठी) वापरतो त्या फेंडरच्या जुन्या नमुन्याच्या छोट्या ट्यूब अँपची, खरखर सापडली! गेल्या वेळी सांगितलं होतं तेच दुखणं: क्रिस्टल बुलेट (मुठीत धरायचा माइक) लावला की दुपारी अँप झकास वाजतो, आणि संध्याकाळी पाऊस धरला की आवाज चिरका होतो, पातळ होतो, मग तडतडायला लागतो. तुमच्यातल्या बहुतेकांचं निदान एकच, माइकच्या आतलं क्रिस्टल एलिमेंट गेलं. निदान वावगं नव्हतं. हे क्रिस्टल रोशेल सॉल्टचं, म्हणजे शेवटी मीठच, पाण्यात विरघळणारं, आणि 55 अंशांच्या आसपास तापलं तर कायमचं कामातून जाणारं. वेंगुर्ल्याच्या पावसाळ्यात त्याला सांभाळायचं तर सिलिका जेल घातलेला घट्ट झाकणाचा डबा हवाच. माझा माइक वाजवण्यापुरताच बाहेर येतो. त्यात त्याच संध्याकाळी, त्याच अँपवर कंट्रोल्ड मॅग्नेटिक बुलेट (क्रिस्टलऐवजी चुंबक आणि कॉइलचा माइक) स्वच्छ वाजायचा. म्हणजे क्रिस्टलवरचा आरोप पक्काच.

तरी मन मानेना. शेवटी एका रिकाम्या जॅकपिनमध्ये लहानसा पॉलिस्टर कॅपॅसिटर सोल्डर केला. डीसीच्या दृष्टीने क्रिस्टल माइक म्हणजे कॅपॅसिटरच, पण यात मीठ नाही आणि दमट होणारं काही नाही. पिन इनपुटला खोचली, पाऊस कोसळत असताना पहिल्या ट्यूबच्या ग्रिडवर (सिग्नल आत शिरतो त्या टोकावर) मीटर धरला. तिथे शून्य हवं. मीटर दाखवतो जवळजवळ 1 व्होल्ट, धन! आणि हे मीटर लावलेलं असताना: मीटर स्वतः 10 मेगचा (मेगओहमचा), ग्रिड ते ग्राउंड रेझिस्टर 5 मेगचा (क्रिस्टलसाठी मूळचा 1 मेग काढून मी घातलेला), दोघे समांतर. मीटर काढला की खरा आकडा दीडच्या घरात. कॅथोडही साधारण तेवढ्यावरच बसतो. म्हणजे ट्यूबचा सगळा बायस (ग्रिड आणि कॅथोड यांच्यातला ठरलेला फरक) दमट हवा खाऊन टाकत होती. माइक निर्दोष.

आता हे व्होल्ट येतात कुठून? त्याच ट्यूबच्या प्लेटवर (सिग्नल बाहेर पडतो त्या टोकावर) दीडशे व्होल्ट, आणि प्लेटचा सांधा व ग्रिडचा सांधा एकाच फायबर बोर्डावर, बोटभर अंतरावर. जुन्या पद्धतीचा दिसावा म्हणून आपण सगळेच हा काळा व्हल्कनाइज्ड फायबर हौसेने वापरतो. पण तो मुळात कागदाचा, ओल शोषून घेतो. वर खाऱ्या वाऱ्याचा थर बसतो आणि तोही ओल धरतो. समजा बोर्डातून 500 मेगची गळती झाली. एरवी तिच्याकडे कोणी ढुंकूनही बघणार नाही. पण खाली 5 मेग असेल तर दीडशेचा शंभरावा भाग ग्रिडवर येतो, दीड व्होल्ट. मूळच्या 1 मेगवर हाच आकडा 0.3 झाला असता, म्हणून मॉडिफिकेशनच्या आधी अँपने कधी तक्रार केली नाही. मॅग्नेटिक माइकची कॉइल ही गळती सरळ ग्राउंडला नेते, म्हणून तो स्वच्छ. क्रिस्टल डीसी जाऊ देत नाही, म्हणून बदनाम.

खात्रीसाठी हेअर ड्रायर. बोर्डावर कोमट हवा सोडली, ग्रिडचा आकडा डोळ्यांदेखत उतरत गेला. जेवून येईपर्यंत परत वर! आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्यावर वरचं मीठ गेलं, फरकही पडला, पण आत मुरलेली ओल पुसून जात नाही.

आधी ठरवलं होतं की पूर्ण बोर्डच ग्लास इपॉक्सीचा करायचा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून टरेट (बोर्डावर सोल्डर करायच्या खुंट्या) मागवायची यादीसुद्धा लिहून झाली. (तिथल्या दुकानांत स्वतः जाऊन हाताळून घ्या. फोनवर 'सेम टू सेम' ऐकलं की समजावं, वेगळंच काहीतरी येणार.) मग वाटलं, दुखणं एका सांध्याचं, मग संपूर्ण अंगाची शस्त्रक्रिया कशाला? बोर्डावरचा ग्रिडचा सांधाच रद्द केला. 5 मेग थेट इनपुट जॅकवर, ग्रिडकडे जाणारा 68के रेझिस्टर थेट ट्यूबच्या सॉकेटच्या पिन 2 वर, मधली वायर हवेत, कुठेही न टेकता. फिल्टर कॅपॅसिटर रिकामे करून मगच हात घातला, हे सांगायला नकोच. त्यानंतरच्या पावसात ग्रिडवर फक्त काही मिलिव्होल्ट. क्रिस्टलचा खर्ज असा भरून आला की त्या रात्री नुसती दोन नंबरची ड्रॉ नोट (दुसऱ्या भोकातून श्वास आत ओढून वाजणारा सूर) धरून बसलो होतो.

शिट्टीचं (माइक आणि स्पीकरच्या फीडबॅकचं) म्हणाल तर पहिल्या ट्यूबच्या, 12एएक्स7 च्या जागी घातलेली 12एवाय7 टिकली. 12एएक्स7 चा गुणक (सिग्नल वाढवायची ताकद) 100, हिचा 44 च्या आसपास. माइक मुठीत घट्ट धरूनही आता व्हॉल्यूम अर्ध्याच्या पुढे जातो. 12एयू7 (सुमारे 20) लावून पाहिली, शिट्टी पार गेली आणि जीवही गेला. 6व्ही6 ला (शेवटच्या पॉवर ट्यूबला) घाम फुटेल इतका सिग्नलच पोचत नाही. शेजारच्या काकी मात्र अजून विचारतात, "मेल्या, ता काय बोंबलता?"

उरलंय ते सॉकेट. माझ्या वायरिंगमध्ये पिन 1 प्लेट, पिन 2 ग्रिड, दोन्ही बेकेलाइटमध्ये शेजारी. उरलेले मिलिव्होल्ट तिथलेच असावेत. सिरॅमिक सॉकेट आणून ठेवलंय.

मागच्या पॅनेलवर 1 मेग आणि 5 मेग यांच्यासाठी स्विच टाकणार होतो, पण हे लिहिता लिहिता लक्षात येतंय की त्याची गरजच नाही. मॅग्नेटिक माइकला 5 मेग काही खुपत नाही, त्याचा स्वतःचा इम्पिडन्स त्यापुढे किरकोळ. मग भोक पाडलंय त्या जागी निगेटिव्ह फीडबॅकचा (आउटपुटचा थोडा भाग मागे देऊन गेन आवरणारा) 22के रेझिस्टर तोडायचा स्विच का नको? तो तोडला की गेन वाढणार, म्हणजे शिट्टी परत यायची भीती. आधी मगरचिमटा लावून नुसतं ऐकून बघतो. कोणी 12एवाय7 सोबत हे केलं असेल तर व्हॉल्यूम कुठपर्यंत गेला तेवढं सांगा.