डोक्यातला दाब एकदाचा खाली का आणत नाही?

मेंदूत रक्तस्राव झालेल्या रुग्णाचे नातेवाईक पहिल्या दिवशी काही विचारण्याच्या मनःस्थितीत नसतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मात्र त्यांची नजर मॉनिटरवरचे इतर सगळे आकडे सोडून ‘आयसीपी’ म्हणजे डोक्यातल्या दाबाच्या एकाच आकड्यावर खिळते. तो १४ असला की चेहरे जरा सैल होतात, २४ झाला की कोणीतरी सिस्टरना हाक मारते, आणि मग मी राउंडला गेले की तो ठरलेला प्रश्न येतो: “डॉक्टर, डोक्यातलं प्रेशर हाच धोका आहे ना? मग ते एकदाचं खाली का आणत नाही? नळी तर घातलेलीच आहे.” आयसीयूच्या दाराशी उभ्याउभ्या या प्रश्नाला न्याय देणे मला कधीच जमलेले नाही, म्हणून येथे लिहीत आहे.

मोठ्या माणसाच्या कवटीत जेमतेम दीड लिटर जागा असते. त्यातली सुमारे ८० टक्के मेंदू व्यापतो आणि उरलेली रक्तवाहिन्यांतले रक्त व मेंदूभोवतीचे पाणी वाटून घेतात. हाड ताणले जात नसल्यामुळे एकाची भर पडली की दुसऱ्याला तेवढी जागा सोडावी लागते, हे स्कॉटलंडमध्ये अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ मध्ये आणि जॉर्ज केली यांनी १८२४ मध्ये मांडले. रक्ताची गुठळी झाली की आधी पाणी मणक्याकडे सरकते, शिरांतले रक्त बाहेर पडते आणि दाब फारसा वाढत नाही; पण ही सवड एकदा संपली की चमचाभर सूजसुद्धा दाब झपाट्याने चढवते. सकाळी बोलणारा माणूस दुपारी बेशुद्ध कसा झाला, याचे उत्तर पुष्कळदा येथेच असते. रक्तस्राव थांबला तरी गुठळीभोवतीची सूज पुढे कित्येक दिवस वाढत राहू शकते.

आता मूळ प्रश्न. आडव्या झोपलेल्या निरोगी माणसाच्या डोक्यातही ५ ते १५ मिलिमीटर पारा इतका दाब असतोच, आणि साधारण २२ च्या वर तो टिकून राहिला की आम्ही उपचार वाढवतो. परंतु खरी काळजी दाबाची नसून मेंदूला मिळणाऱ्या रक्ताची असते. सरासरी रक्तदाबातून डोक्यातला दाब वजा केला की जे उरते, त्या जोरावर रक्त मेंदूत शिरते, आणि ते बहुधा ६० ते ७० च्या दरम्यान असावे लागते. त्यामुळे डोक्यातला दाब उतरवताना रक्तदाबही घसरला, तर मॉनिटर छान दिसतो आणि मेंदू उपाशी राहतो.

नळीचेही तसेच आहे. मेंदूच्या पोकळीत घातलेली ही नळी बाहेर एका कपाला जोडलेली असते आणि तो कप रुग्णाच्या कानाच्या पातळीपासून मोजून ठरावीक उंचीवर टांगलेला असतो. डोक्यातला दाब त्या उंचीपेक्षा जास्त झाला तरच पाणी ठिबकते. उमेदवारीच्या काळात एकदा एक्स-रेसाठी खाटेची डोक्याकडची बाजू उचलण्यापूर्वी नळीची चावी बंद करायला मी विसरले होते. कप जागच्या जागी राहिला, डोके वर गेले, आणि प्लेट लावून होईपर्यंत तासाभराचे पाणी काही मिनिटांत कपात उतरले. रुग्णाला सुदैवाने काही झाले नाही. पाणी असे भसकन निघाले, तर मेंदू कवटीपासून ओढला जाऊन वरच्या शिरा फाटू शकतात, आणि रक्तवाहिनीवरचा फुगा फुटून रक्तस्राव झालेला असेल तर तो पुन्हा फुटण्याची भीती असते.

मॅनिटॉल हे औषध मेंदूतले पाणी रक्तात ओढून घेते, पण लघवीवाटे शरीरही कोरडे करते, म्हणून किडनी आणि सोडियम यांवर डोळा ठेवावा लागतो. व्हेंटिलेटरचा वेग वाढवला की कार्बन डायऑक्साइड कमी होऊन मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि दाब काही मिनिटांत उतरतो. मात्र तो रक्तपुरवठा कापूनच उतरलेला असतो, त्यामुळे हा उपाय ऑपरेशन थिएटरपर्यंत पोहोचण्यापुरताच वापरायचा.

नातेवाइकांना ज्यात काहीच उपचार दिसत नाही, ते मला सर्वांत आवडते. डोके ३० अंश वर, मान सरळ, श्वासाची ट्यूब बांधलेली पट्टी गळ्याभोवती सैल, ताप आटोक्यात, खोकला येणार नाही इतपत गुंगी. मान एका बाजूला कललेल्या रुग्णाचा आकडा २३ असताना सिस्टरनी ती नुसती सरळ केली आणि उशी नीट लावून होण्याआधी तो १७ वर आला, हे मी अनेकदा पाहिले आहे. मानेतली शीर मोकळी झाली, एवढेच.

एवढे करूनही दाब हटला नाही, तर कवटीचा तळहाताएवढा तुकडा काढून ठेवण्याचा विचार होतो. तो शीतपेटीत किंवा रुग्णाच्याच पोटाच्या त्वचेखाली जपतात आणि सूज ओसरल्यावर पुन्हा बसवतात. येथे मी घाई करत नाही. डोक्याला मार लागलेल्या रुग्णांवरील २०१६ च्या एका मोठ्या अभ्यासात सहा महिन्यांनंतरचे मृत्यूंचे प्रमाण या शस्त्रक्रियेने सुमारे ४९ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर आले, परंतु कायम भान हरपलेल्या अवस्थेत राहिलेल्यांचे प्रमाण २ टक्क्यांवरून साडेआठ टक्क्यांवर गेले. रक्तस्रावाच्या रुग्णांना हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. तरीही सही घेण्यापूर्वी मी ते घरच्यांना सांगते, कारण दाब उतरणे आणि माणूस परत येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सूज ओसरू लागली की आम्ही कप थोडाथोडा वर चढवतो, जेणेकरून पाण्याचा निचरा मेंदूने स्वतःच करावा. तेव्हा आकडा ११ वरून १५ वर जातो आणि बाहेरचे लोक घाबरून धावत येतात. त्या दिवशी मी त्यांना मॉनिटरकडे नव्हे, तर त्या जवळजवळ रिकाम्या कपाकडे बघायला सांगते.