टाच

दर जूनमध्ये आमच्या घरातला बत्ता दोन-तीन दिवस स्वयंपाकघरात नसायचा. शाळेचे नवे बूट आणले की आबा, म्हणजे माझे वडील, ते तसेच पायात घालू देत नसत. टाचेला आतून खोबरेल चोळायचं, रात्रभर मुरू द्यायचं आणि सकाळी बूट उंबऱ्यावर धरून टाचेची कडा बत्त्यानं ठोकायची. जोरात नाही. टक, टक, टक, एका लयीत. मधूनच अंगठा आत घालून किती नमलंय ते बघायचे. आई चिडायची, बत्त्याला बुटाचा वास लागतो म्हणून. "पोराचा पाय सोलला तर पोरगं चालंल कसं?" एवढंच आबांचं उत्तर. बेळगावला पलटणीत भरती झाल्यावर पहिल्या महिन्यात शिकलेलं काम होतं ते. माझे बूट, ताईचे बूट, पुढे माझ्या मुलीचेही.

आबा श्रावणात गेले. ८१ वर्षांचं वय, झोपेतच. लोक म्हणाले, सोनं झालं. खरं असेल, पण ऐकायला बरं वाटत नव्हतं.

आळंदीची कार्तिकी वारी त्यांनी १९८२ साली कळव्यात राहायला आल्यावर धरली आणि पंचाहत्तरी उलटेपर्यंत चालून केली. नंतर दिंडीच्या टेम्पोत बसून जायचे, पण जायचे. मी एकदाही गेलो नव्हतो. यंदा दिंडीचे विणेकरी घरी आले, आबांचे टाळ खुंटीवर बघून म्हणाले, "टाळ चालत न्यायचे असतात, माउली." मी दुसऱ्याच दिवशी ठाण्याला जाऊन नवे बूट घेतले. निघायला चार दिवस होते.

पहाटे काकडा करून निघालो. विटाव्याच्या रेल्वेपुलाखालून पलीकडे गेलं की ऐरोली, आणि तिथून सरळ ठाणे-बेलापूर रस्ता. या रस्त्यावर मी लहानपणी कंपन्यांचे भोंगे ऐकलेत. आता दोन्ही बाजूंना काचांच्या इमारती. पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर आबांनी इथल्याच एका कंपनीच्या गेटवर बावीस वर्षं पहारा केला. गेट राहिलेलं नाही, कंपनीही नाही. कामगारांचे शेवटचे पैसे बुडवून ती बंद झाली. आबांचेही बुडाले. त्याबद्दल त्यांनी कधी तोंडातून अक्षर काढलं नाही. मला मात्र तिथून जाताना ठेका सापडेना, टाळ नुसतेच हातात धरून चाललो.

त्या गेटच्या केबिनमध्ये साठचा बल्ब होता. जुलैत घरात काही वाळायचं नाही, तेव्हा आबा रात्रपाळीला जाताना माझे ओले मोजे डब्याच्या पिशवीत घालून न्यायचे. सकाळी साडेसातला परत यायचे तेव्हा मोजे कोरडे, गरम, घडी घातलेले. मग न झोपता ताईच्या वेण्या घालायचे, कारण त्या वर्षी आई दवाखान्यात होती. वेणी अशी आवळायचे की संध्याकाळपर्यंत केस हलायचा नाही. ताई रडायची. आजही ती मुलीच्या वेण्या तशाच आवळते.

पनवेल कधी आलं ते नीट आठवत नाही. शाळेत मुक्काम, पिठलं-भात, रात्री कीर्तन. लाऊडस्पीकर माझ्या डोक्याशीच होता. महाराज चांगलं बोलत असतील, पण माझं अंग ठणकत होतं आणि मला फक्त तो आवाज बंद व्हायला हवा होता. पहाटे साडेतीनला उठवतात. आबाही घरी असेच उठवायचे, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. तेव्हाचा राग अजून गेलेला नाही, हे तिथे थंड पाण्यानं अंघोळ करताना कळलं. आणि दुसराही एक राग होता. कंपनीतून रजा मिळायची ती सगळी कार्तिकीला. आम्हा मुलांना घेऊन ते कुठे कधी फिरायला गेले नाहीत. शाळेत सगळे महाबळेश्वर सांगायचे, मी काय सांगणार?

पळस्प्याला जुना पुणे रस्ता धरला. शेडुंग मागे पडलं आणि दुपारी एकच्या सुमाराला माझ्या दोन्ही टाचा गेल्या. आधी जळजळ, मग ओलं लागायला लागलं. नोव्हेंबर असला तरी डांबर तापलं होतं, कंटेनर इतके जवळून जात होते की टोपी सांभाळावी लागत होती. दिंडी पुढे गेली. विणेकऱ्यांनी मागे वळून हात केला, मी "व्हा पुढं" म्हणून खूण केली. मागून एक आजी आल्या आणि म्हणाल्या, "आबा असते तर तुला एकटं मागं ठेवलं नसतं. ते कायम शेवटी चालायचे." त्याही गेल्या. मला ते माहीत नव्हतं. माझी कल्पना होती की आबा पुढे पताकेशी असणार.

चौकच्या अलीकडे एक पंक्चरचं दुकान लागलं. चार बांबू, वर पत्रा, कॉम्प्रेसर आणि टायरांची चळत. पोरगा वीस-बावीसचा, बिहारकडचा. मी टायरवर टेकलो तसा तो ट्यूब घासायची थांबवून म्हणाला, "माउली, जूता उतारो." बूट निघेना. मोजा कातड्याला चिकटला होता. त्यानं बाटलीतलं पाणी थोडं थोडं सोडून मोजा भिजवला आणि इंच इंच सुटा केला, ट्यूबवरचा जुना पॅच काढावा तसा, घाई न करता. डाव्या टाचेचा फोड फुटला होता, उजव्याचा टम्म भरलेला.

ट्यूब बुडवून बुडबुडे बघायचं घमेलं त्यानं उपडं केलं, साबणाची वडी घेऊन आतून घासलं. काळं पाणी, मग करडं पाणी, मग स्वच्छ. तिसऱ्यांदा भरून माझ्या पायांपुढे ठेवलं. तेवढ्यात एक मोटारसायकलवाला आला, मागच्या चाकात हवा नव्हती. पोरगा त्याला म्हणाला, "दस मिनट रुकना पड़ेगा." तो तोंड वाकडं करून निघून गेला. गिऱ्हाईक गेलं म्हणून मी बोलायला लागलो तर पोरानं ऐकलंच नाही. शेजारच्या वड्याच्या गाडीवरच्या बाईंकडून सुईदोरा आणि हळद घेऊन आला.

फोडाला दोरा कसा ओवायचा ते मला आबांमुळे माहीत होतं. सुई लायटरवर धरायची, फोडाच्या या कडेतून घालून त्या कडेतून काढायची, दोरा दोन्हीकडून बोटभर ठेवून तोडायचा. कातडं उचकटायचं नाही. दोऱ्यानं पाणी निथळत राहतं. मी सांगत गेलो, तो करत गेला. हात ग्रीसनं काळे म्हणून त्यानं ते आधी रॉकेलनं, मग साबणानं धुतले होते, तरी नखांत काळं होतंच. दुखलं नाही. मी मात्र रडलो. त्याला वाटलं दुखलं, म्हणून तो फुंकर घालत राहिला.

"ये जूता अभी नहीं चलेगा," म्हणून त्यानं स्वतःच्या पायातली प्लास्टिकची चप्पल काढून माझ्यापुढे सरकवली. एका पट्ट्याला तार गुंफलेली. पैसे पुढे केले तर मागे सरला. "उधर से परसाद ले आना. जूता यहीं है." आणि अनवाणीच परत ट्यूब घासायला बसला.

त्या चपलेत मी आळंदीपर्यंत चाललो.

१९७१ च्या डिसेंबरात, बांगलादेशच्या लढाईत, आबा तिथल्या जमालपूरला होते, पहिल्या मराठा लाइट इन्फंट्रीत, जंगी पलटणीत. तिथं काय झालं ते मी मोठेपणी वाचून काढलं. पलटणीनं ब्रह्मपुत्रा ओलांडली आणि शहराच्या पाठीमागचा रस्ता अडवला. शरण या म्हणून पाठवलेल्या पत्राला पाकिस्तानी कर्नलनं जे उत्तर धाडलं, त्यासोबत बंदुकीची गोळी होती. १० डिसेंबरच्या रात्री आतली फौज निसटायला निघाली ती मराठ्यांच्या मोर्चांवर येऊन आदळली. दुसऱ्या दिवशी जमालपूर पडलं, १६ तारखेला ढाका. हे सगळं पुस्तकांतलं. आबांच्या तोंडून मी फक्त मोज्यांची गोष्ट ऐकली आहे. नदीपार गेल्यावर ओले मोजे पिळून बनियनच्या आत पोटाशी ठेवायचे, अंगाच्या उबेनं वाळतात. शेजारच्या मोर्च्यातला एक जण कंटाळला, त्यानं ठेवले नाहीत. "मग?" मी विचारलं होतं. आबा उठून मोरीत हात धुवायला गेले.

खोपोलीहून घाट पहाटे चढलो. शिंगरोबाच्या देवळापाशी सगळे थांबले. घाटाची वाट इंग्रजांना दाखवणारा तो धनगर आणि त्याच्या वाट्याला आलेलं मरण, हे या रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. एसटीतून लोक नाणी टाकतात, आम्ही नारळ फोडला. उतरणाऱ्या ट्रकांच्या ब्रेकांचा जळका वास आणि पुढून येणारा हरिनामाचा आवाज. त्या दिवशी पहिल्यांदा टाळ हातात नीट वाजले. मी शेवटी चालत होतो. चप्पल साथ देत होती. पुढच्या आजींची पिशवी मी घेतली होती, त्यांनी ती दोनदा परत मागितली.

लोणावळा, कामशेत, देहू झालं. देहूला इंद्रायणीत पाय सोडून बसलो, दोरे अजून होते.

आळंदीत समाधीची दर्शनबारी इतकी लांब की विणेकरी म्हणाले, मुखदर्शन घ्या, कळसाला हात जोडा. पण आबा समाधीच्या आधी कुठे डोकं टेकायचे ते मला आईनं सांगितलं होतं. महाद्वारातली हैबतबाबांची पायरी. हैबतबाबा आमच्या साताऱ्याकडचेच, आरफळचे, शिंद्यांच्या पदरी लष्करात राहिलेले. आषाढीच्या पालखीला आजची शिस्त त्यांनी लावली. पलटणीतला माणूस वारीत येऊन काय करतो ते आबांना तिथं दिसलं असेल. मी पायरीवर टाळ ठेवले. मागचा माणूस "चला, चला माउली" म्हणत होता. मनात काही आलं नाही, फक्त पायरीचा दगड गार लागला. उचलले आणि बाजूला झालो.

गाडीनं पुण्याहून परत आलो. त्या आठवड्यात आईला बँकेत न्यायचं होतं, हयातीच्या दाखल्यासाठी. आबांचा दाखला दर नोव्हेंबरला असायचा. ऐंशीच्या पुढच्यांना ऑक्टोबरपासून देता येतो, पण ते म्हणायचे, आळंदीला निघायच्या आधी देतो, पुढच्या वर्षीचं पक्कं होतं. आता कुटुंब निवृत्तिवेतन आईच्या नावावर, दाखला तिचा. यंत्रावर तिचा अंगठा उमटेना, भांडी घासून रेषा गेलेल्या. चौथ्या खेपेला उमटला. फॉर्ममध्ये पुनर्विवाह झाला आहे का असं विचारलेलं असतं. तिथल्या मुलीनं ते आईला न विचारताच भरलं, खाली मान घालून. त्या मुलीचं भलं होवो.

बाहेर येऊन आई म्हणाली, "चप्पल द्यायची राहिलीय ना? मी येते."

रविवारी एसटीनं चौकला उतरलो. पोरगा होता, पायात दुसरी चप्पल, तीही फाटकी. त्यानं आईच्या पायाला हात लावला. तिनं प्रसादाची पुडी दिली, चुरमुरे, बत्तासे, बुक्का, आणि विचारत बसली. घरी कोण? जेवतोस कुठे? आई-वडील गयेकडे, पैसे दर महिन्याला जातात. आई मराठीत विचारत होती, तो हिंदीत सांगत होता, दोघांचं अडत नव्हतं. निघताना तिनं पिशवीतून चपलेचा नवा जोड काढला. तो कधी घेतला ते मलाही माहीत नव्हतं.

पोरानं आतून माझे बूट आणले. वर्तमानपत्राचे बोळे भरलेले, नाड्या धुतलेल्या. "एड़ी ठोक दिया है," तो म्हणाला, "अब नहीं काटेगा." टायर ठोकायची लाकडी हातोडी त्यानं दाखवली.

आईनं माझ्या हातून एक बूट घेतला, अंगठा आत घातला आणि टाच दाबून पाहिली. मग दुसरा घेतला.