हलकी गाडी, भुसभुशीत वाळू

आज वाळूत दोन टनी गाड्या रुतत होत्या आणि जेमतेम अकराशे किलोची जिम्नी (सुझुकीची छोटी फोर-व्हील ड्राइव्ह गाडी) वरून निघून जात होती. 1970 पासून साचा तोच: लॅडर फ्रेम (शिडीसारखा पोलादी सांगाडा), पुढे-मागे सॉलिड ॲक्सल (दोन्ही चाकं जोडणारा एकसंध आस), लो-रेंज गिअर (वेग कमी, ओढ जास्त). ताकद बेताचीच, पण वजनच नाही तर हवी कशाला? टायरमधली हवा 16-18 पीएसआयवर (हवेच्या दाबाचं माप) आणायची, लो-रेंजमध्ये दुसरा गिअर, एकसारखा ॲक्सिलरेटर. डांबरी रस्त्यावर येण्याआधी हवा पुन्हा भरायची, नाहीतर टायर तापून फाटतो.

दुखणं एक: वेगात स्टिअरिंग थरथरतं. लोक आधी स्टिअरिंगचा डॅम्पर (हादरे शोषणारा दांडा) बदलतात. तो थरथर फक्त झाकतो. आधी चाकांचं बॅलन्सिंग बघा, मग पॅनहार्ड रॉडचे (ॲक्सलला आडवं सरकू न देणारा दांडा) रबरी बुश, शेवटी किंगपिन बेअरिंग (ज्यावर पुढची चाकं वळतात).