तोट्यात विकलेलं घर आणि मुलुंडची सोसायटी

मुंबईत एक समज पक्का आहे: जागेत कधी नुकसान होत नाही. लालबागची खोली असो की मुलुंडचा वन बीएचके, आपण भाव चढतानाच पाहिलेत. त्यामुळे टोरोंटोकडे आपली माणसं तोटा सोसून घरं विकताहेत म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "इतकं काय उधळलं त्यांनी?" सुट्टीत इथे आल्यापासून हेच ऐकतेय, आणि ते मनाला लागतं.

उधळलं काहीच नाही. मार्च 2022 च्या सुरुवातीला बँक ऑफ कॅनडाचा, म्हणजे तिथल्या रिझर्व्ह बँकेचा, व्याजदर 0.25 टक्के होता. जुलै 2023 मध्ये तो 5 टक्क्यांवर गेला. आपल्याकडे दर वाढला की बँक बहुतेकदा आधी मुदत वाढवते, हप्ता तोच राहतो. तिकडे कर्ज पंचवीस-तीस वर्षांचं असलं तरी दराचा करार साधारण पाच वर्षांचा. तो संपला की त्या वेळच्या दरानं नवा करार. बदलत्या दराचं कर्ज घेतलेल्या अनेकांना तर तेवढीही उसंत मिळाली नाही.

हिशेब मांडून बघा. फेब्रुवारी 2022, भाव शिखरावर. घर 12 लाख डॉलरचं, 2 लाख 40 हजार पदरचे, बाकी कर्ज. तीस वर्षांसाठी दीड टक्क्यानं महिना 3,300 डॉलरच्या आसपास बसणारा हप्ता सहा टक्क्यांना पावणेसहा हजारांच्या घरात जातो. पगार मात्र तेवढेच. आता ते घर 9 लाखांना गेलं तर पदरचे पैसे बुडतातच, कर्जही पुरतं फिटत नाही, वर एजंटचं कमिशन. हप्ते थकले तर ओंटारियोत, म्हणजे टोरोंटो ज्या प्रांतात आहे तिथे, बँक सहसा कोर्टात न जाताच घर विकते आणि कमी पडलेली रक्कम मालकाकडे मागते. वीस टक्क्यांहून कमी पैसे भरून घर घेणाऱ्यांना कर्जाचा विमा सक्तीचा असतो, पण त्याचं संरक्षण बँकेला. पैसे मात्र मालकाचे!

माझ्या ओळखीचं एक जोडपं, मुलगा मुलुंडचा. हप्ता झेपत नाही हे त्यांना 2023 च्या दिवाळीतच कळलं होतं. तेव्हा विकलं असतं तर थोडक्यात सुटले असते. पण वास्तुशांतीचे फोटो इथे सोसायटीभर फिरले होते, आईनं पेढे वाटले होते. मग बेसमेंट भाड्यानं दिलं, त्यानं रात्रीची दुसरी नोकरी धरली, किराणा क्रेडिट कार्डावर आला. शेवटी विकलंच, आणखी खालच्या भावाला.

परवा त्याच्या आईला भेटायला गेले. काकूंनी चहाचं आधण ठेवलं आणि ओट्याकडे तोंड करूनच म्हणाल्या, "घर गेलं ना गं त्यांचं? व्हिडिओ कॉलवर मागची भिंत बदललीय. तो सांगत नाही, मग मीही विचारत नाही. उगाच त्याला वाईट वाटायचं."

मी म्हटलं, काकू, आत्ता लावा फोन. लावला त्यांनी. दोघांनाही विचारूनच हे लिहितेय.

2021 मध्ये स्वस्त दरानं घेतलेल्या कर्जांचे पाच वर्षांचे करार 2026 मध्ये संपतात. तुमचं कुणी तिकडे असेल तर स्पष्ट विचारा: करार कधी संपतोय, हप्ता झेपेल का? आणि विकतोय म्हणाला, तर "थांब रे, भाव वाढेल" असं मुंबईच्या अनुभवावरून सांगू नका.